बांगाई कार्डिनल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाऱ्या पाण्याचा टँक लावणाऱ्याची नजर कधी ना कधी या माशावर जातेच. चांदीसारखं अंग, त्यावर काळे पट्टे, आणि पाण्यात जागच्या जागी तरंगत राहण्याची ती ऐट. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो २००७ पासून ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे, हे मात्र विकत घेताना फार थोड्यांना ठाऊक असतं. खाली देखभालीचे आणि संवर्धनाचे प्रश्न मिसळून आले आहेत. वेगळे काढायला गेलं तर दोन्हीकडची उत्तरं अर्धवट राहतात.

हा नेमका कोणता मासा?

शास्त्रीय नाव टेरापोगॉन कॉडर्नी. कार्डिनल माशांच्या कुळातला, म्हणजे अपोगोनिडी कुळातला. पूर्ण वाढ झाली तरी शेपटीसकट साधारण ८ सेंटिमीटर. अंगावर तीन उभे काळे पट्टे असतात: एक डोळ्यावरून जाणारा आणि दोन पाठीवरच्या परांपासून पोटाकडे उतरणारे. पर लांब, काळे आणि त्यांवर पांढरे ठिपके. शेपटी खोल दुभंगलेली. इंडोनेशियात त्याला चापुंगान बांगाई म्हणतात.

पजामा कार्डिनल हा वेगळा मासा. त्याचे डोळे लाल आणि मागच्या अंगावर तपकिरी ठिपके असतात. तोही दुकानात शेजारच्याच टाकीत दिसतो, पण जगात त्याचा पसारा मोठा आहे आणि इथली बरीचशी माहिती त्याला लागू नाही.

निसर्गात तो कुठे राहतो?

इंडोनेशियातल्या मध्य सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाचा द्वीपसमूह आहे. हा मासा मूळचा तेवढ्याच भागातला. नकाशावर त्याचा प्रदेश सुमारे ५,५०० चौरस किलोमीटरचा दिसतो, पण हा आकडा फसवा आहे. त्यात खोल समुद्र आला, उघडे किनारे आले, जिथे तो राहूच शकत नाही. त्याच्या राहण्याजोगी जागा मोजली तर ती ३४ चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. सगळ्या जगातली त्याची मूळ वस्ती एवढीच.

त्यातही तो अगदी किनाऱ्याला धरून राहतो. शांत खाड्या, उथळ प्रवाळ, समुद्री गवताचे पट्टे, गावाच्या धक्क्याखालचं पाणी अशा ठिकाणी, बहुधा दीड ते अडीच मीटर खोलीवर. सहा मीटरच्या खाली क्वचितच. एखादा माणूस कंबरभर पाण्यात उतरून, गळ किंवा ऑक्सिजनची नळकांडी न घेता, याचे थवेच्या थवे गोळा करू शकतो. पुढे जे घडलं त्यात या उथळपणाचा वाटा मोठा आहे.

एवढ्याशा जागेतच कसा काय अडकला? समुद्र तर सगळीकडे आहे.

हा प्रश्न नीट समजला की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबू.

प्रवाळातले बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडतात किंवा खडकाला चिकटवतात. अंड्यांतून निघालेले डिंभ अतिशय बारीक असतात. ते काही दिवस किंवा काही आठवडे उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहतात आणि नशिबात असेल तर दुसऱ्या एखाद्या प्रवाळावर जाऊन स्थिरावतात. लाखातले जवळजवळ सगळे मरतात, पण जे जगतात ते शेकडो किलोमीटर लांब पोहोचलेले असू शकतात. एखाद्या प्रवाळावरचे मासे संपले तरी बाहेरून नवे येत राहतात.

बांगाई कार्डिनलने हा वाहण्याचा टप्पाच गाळून टाकला आहे. मादी थोडीच अंडी घालते, सहसा चाळीस-पन्नास, फार तर नव्वदच्या घरात. पण एकेक अंडं अडीच-तीन मिलिमीटरचं, समुद्री माशाच्या मानाने चांगलंच दांडगं. नर ती सगळी तोंडात घेतो. सुमारे वीस दिवसांनी अंडी फुटतात, पण पिल्लं बाहेर येत नाहीत. आणखी आठ-दहा दिवस बापाच्या तोंडातच राहतात, पिवळा बलक संपवतात, आणि बाहेर पडतात तेव्हा पट्टे, पर, शेपटी सगळं जागच्या जागी असतं. आईबापांची लहान प्रतच. इतर कार्डिनल माशांचे नरही अंडी तोंडात धरतात, पण अंडी फुटली की डिंभ समुद्राच्या हवाली करतात. याचं तसं नाही.

पिल्लू तोंडातून सुटतं ते बापाच्याच खाडीत, आणि जवळच्या एखाद्या काटेरी आसऱ्यात शिरून तिथेच वाढतं. मधल्या खोल, वाहत्या पाण्यातून पलीकडच्या बेटावर जाण्याची त्याची काही सोय नाही. म्हणून अवघ्या काही किलोमीटरवरच्या दोन थव्यांत जनुकीय फरक सापडतो. समुद्री माशात हे फार दुर्मीळ. याचा अर्थ असा की एका खाडीतले मासे संपले की ती खाडी संपली. शेजारून कोणी भरून काढणार नाही.

पण नेमकी हीच गोष्ट घरच्या टँकमध्ये त्याच्या पथ्यावर पडते. समुद्री मासे घरी वाढवताना जीव जातो तो त्या बारीक डिंभांना जगवण्यात. इथे तो टप्पाच नाही. ज्या सवयीमुळे हा मासा समुद्रात इतका असुरक्षित झाला, तिच्यामुळेच तो टँकमध्ये वाढवायला सर्वांत सोप्या समुद्री माशांपैकी एक आहे. मग तो समुद्रातून पकडून आणायची गरज काय, हा प्रश्न उरतो, आणि मला तरी त्याचं पटेल असं उत्तर आजवर मिळालेलं नाही.

याचा शोध कधी लागला?

दोनदा लागला म्हणायला हरकत नाही. वॉल्टर कॉडर्न या स्वीडिश अभ्यासकाने १९२० च्या सुमारास बांगाईहून नमुने नेले. १९३३ मध्ये कूमन्स यांनी त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं आणि कॉडर्नचं नाव माशाला दिलं. त्यानंतर साठेक वर्षं हा मासा संग्रहालयातल्या बरणीतच होता. १९९४ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड अ‍ॅलन यांनी तो पुन्हा जिवंत पाहिला, त्याचे फोटो आणि माहिती प्रसिद्ध झाली, आणि शौकीन लोक खुळावले. पाच-सहा वर्षांत लाखोंच्या संख्येने निर्यात सुरू झाली. एखाद्या जातीची ओळख होणं आणि तिच्यावर संक्रांत येणं यात इतकं कमी अंतर क्वचितच असतं.

किती मासे पकडले जात होते?

२००१ च्या सुमाराचे अंदाज वर्षाला सहा-सात लाखांचे आहेत. २००७ मध्ये आययूसीएनने निसर्गातली एकूण संख्या सुमारे २४ लाख धरली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. शिवाय पकडलेले सगळे दुकानापर्यंत पोहोचत नाहीत. गावकरी मासे पकडून तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात, खरेदीदाराची बोट येईपर्यंत ते तिथेच दाटीवाटीने असतात, मग लांबचा प्रवास, मग पिशव्या, मग विमान. प्रत्येक टप्प्यावर गळती.

एकूण संख्येपेक्षा एकेका बेटाची गोष्ट जास्त बोलकी आहे. बाकाकान बेटाजवळ २००१ मध्ये सुमारे ६,००० मासे मोजले होते. २००४ मध्ये त्याच जागी १७ सापडले. लिम्बो बेटाजवळचा थवा तर २००४ मध्ये कसून शोधूनही मिळाला नाही. ही मोजदाद करण्यात आलेहांद्रो व्हाजेली या संशोधकाचं काम मोठं आहे. या माशाच्या प्रजननाबद्दल आज जे कळलं आहे त्यातलंही बरंच त्यांच्याकडून आलेलं आहे.

म्हणजे सगळा दोष अ‍ॅक्वेरियमवाल्यांचा?

सगळा नाही, पण सुरुवात आपणच केली, हे कबूल करायला हवं. पुढे निर्यातीचे आकडे उतरले. घरी वाढवलेले मासे बाजारात आले, काही गावांनी स्वतःच पकड थांबवली, काही ठिकाणी पकडायला फारसे उरलेच नाहीत. पण तोवर दुसरं संकट वाढलं होतं: घरच उचलून नेलं जात होतं.

हा मासा सी अर्चिन या तळाला बसणाऱ्या गोल, काटेरी प्राण्याच्या काट्यांत राहतो. डायडेमा जातीचे लांब काळ्या काट्यांचे अर्चिन उथळ पाण्यात घोळक्याने बसलेले असतात. धोका वाटला की सगळा थवा त्या काट्यांत शिरतो आणि शिकारी बाहेर ताटकळत राहतो. अगदी लहान पिल्लं सी अ‍ॅनिमोनच्या, म्हणजे समुद्रफुलाच्या, दंश करणाऱ्या सोंडांमध्ये आसरा घेतात. अर्चिन आणि अ‍ॅनिमोन दोन्ही बांगाईत मोठ्या प्रमाणावर काढले गेले. काही खायला, काही पिंजऱ्यात वाढवलेल्या मोठ्या माशांना चारा म्हणून. अ‍ॅनिमोनला तर अ‍ॅक्वेरियमच्या बाजारातही मागणी. आसरा गेला की पिल्लांवर लायनफिश आणि ग्रूपर ताव मारतात. आणि हे सांगायला बरं वाटत नाही, पण मोठे बांगाई कार्डिनलसुद्धा स्वतःच्याच जातीची पिल्लं गिळतात. काट्यांची आड नसेल तर खाडीतली एकही पिढी मोठी होणं अवघड. सुरुंग लावून मासेमारी आणि प्रवाळ खणणं यांनी उरलेलं पूर्ण केलं.

कायद्याचं संरक्षण आहे की नाही?

आहे, पण अर्धंमुर्धं. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय करारात त्याला घ्यावं असा प्रस्ताव अमेरिकेने २००७ मध्ये आणि युरोपीय संघाने २०१६ मध्ये मांडला. दोन्ही वेळा तो मागे घेतला गेला. इंडोनेशियाचं म्हणणं असं की हा आमच्या गावांचा रोजगार आहे, आम्ही आमच्या पद्धतीने सांभाळू. त्यानुसार २०१८ मध्ये तिथल्या सरकारने मर्यादित संरक्षण दिलं: बांगाईच्या पाण्यात फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात पकडायला बंदी. अमेरिकेने २०१६ मध्ये स्वतःच्या कायद्याखाली त्याला ‘धोक्यात असलेला’ ठरवलं आणि २०२३ मध्ये आयात-निर्यात बंद करण्याचा प्रस्ताव मांडला.

चार महिने बंदी हे वाचायला किरकोळ वाटेल. पण नर महिनाभर तोंडात पिल्लं घेऊन फिरत असतो. तो पकडला गेला की सबंध वेतच जातं, कारण घाबरलेला नर अंडी थुंकतो किंवा गिळतो. त्यामुळे पकड कधी होते यालाही किती होते याइतकंच महत्त्व आहे.

मग पाळावा की पाळू नये?

टँकमध्ये जन्मलेला असेल तर खुशाल पाळा. समुद्रातून पकडलेला असेल तर घेऊ नका. माझं मत इतकं सरळ आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. बांगाईतल्या मच्छीमारांनी काय करायचं? मासा विकला जातो म्हणून तरी ते खाडी जपतात, मागणीच संपली तर सुरुंग लावायला कोण अडवणार? यात तथ्य आहे. बोने बारूसारख्या गावात लोकांनी पकडीला आवर घालून आपल्या किनाऱ्यावरचे अर्चिन आणि मासे राखण्याचं काम केलं आहे, आणि त्यांचा मासा उद्या खात्रीने ओळखता आला तर मी माझं मत बदलेन. अडचण अशी की दुकानातल्या टाकीपर्यंत येताना गावाचं नाव वाटेत कुठेतरी गळून पडतं. समोरचा मासा राखलेल्या खाडीतला की ओरबाडलेल्या, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. घरात वाढवलेल्याचं तसं नाही. थायलंडमध्ये आता मोठ्या प्रमाणावर पैदास होते. इंडोनेशियातही होते. बालीच्या उत्तर किनाऱ्यावर लेस गावात लिनी ही संस्था हे काम करते.

टँकमध्ये वाढवलेला मासा ओळखायचा कसा?

नुसतं पाहून छातीठोकपणे सांगता येत नाही. ‘लहान आहे म्हणजे टँकमधला’ हा समज तर साफ चुकीचा, कारण समुद्रातही लहानच पकडतात, ते प्रवासात टिकतात म्हणून. तरी काही खुणा आहेत.

एकाच मापाचे, दोन-तीन सेंटिमीटरचे, सगळे एका टाकीत शांतपणे एकत्र असतील तर एका वेतातले असण्याची शक्यता बरी. विकणाऱ्याला समोर खायला घालायला सांगा. टँकमधलं पिल्लू गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा बारीक दाणे लगेच टिपतं. समुद्रातला मासा अन्न पडताना नुसता बघत बसतो. पोट बाजूने पाहा: कल्ल्यांच्या मागे खळगा पडलेला असेल, डोक्याच्या मानाने अंग सुरीसारखं पातळ असेल तर तो उपाशी प्रवास करून आलेला आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, पैदास कुठे झाली ते विचारा. ज्याच्याकडे खरंच हॅचरीचा माल असतो तो ते नाव अभिमानाने सांगतो. ‘सगळे ब्रीडच असतात हो’ असं उत्तर आलं तर समजून जा.

टँक केवढा हवा आणि पाणी कसं?

जोडीला सव्वाशे लिटर पुरतात. तापमान २४ ते २७ अंश, घनता १.०२३ ते १.०२५, पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, हे सांगायची गरज नसावी. नवा टँक सायकल पूर्ण होऊन, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात रुजून, स्थिरावल्याशिवाय मासा आणू नका.

एक गोष्ट मात्र विसरली जाते. हा शांत खाडीतला मासा आहे. जोरदार पंप लावलेल्या टँकमध्ये तो कोपरा धरून बसतो आणि दिवसभर प्रवाहाशी झगडत खंगतो. निदान एक बाजू संथ ठेवा आणि तिथे फांद्यांचं प्रवाळ किंवा खडकाची आडोशाची जागा करा. डॅमसेलसारखे भांडखोर, अन्नावर तुटून पडणारे शेजारी नकोत. बाकी प्रवाळाला तो त्रास देत नाही. फार बारीक कोळंबी ठेवली असेल तर तिची खात्री देता येणार नाही, त्याचं तोंड दिसतं त्यापेक्षा मोठं उघडतं.

पाच-सहा एकत्र ठेवले तर छान दिसतील ना?

छान दिसतात, काही महिने. समुद्रात हे थव्याने राहतात म्हणून टँकमध्येही राहतील असं वाटतं. वयात आले की दोघांची जोडी जमते आणि ती जोडी बाकीच्यांना जगू देत नाही. उघड मारामारी थोडीच होते. एकेकाला कोपऱ्यात रेटायचं, खाण्यापासून लांब ठेवायचं, परांचे टोक कुरतडायचं, असं ते चालतं. मालकाला वाटतं, मासा आजारी होता म्हणून गेला. टँक फार मोठा नसेल तर एकटा ठेवा किंवा जमलेली जोडी ठेवा.

नर-मादी कसे ओळखायचे?

लहानपणी ओळखता येत नाही. पाठीवरचा दुसरा पर लांब तो नर, असं सांगतात, त्यावर विसंबू नका. मोठेपणी नराचा खालचा जबडा जरा रुंद आणि चौकोनी दिसतो, समोरून पाहिलं तर. अंडी भरलेल्या मादीचं पोट गोलसर होतं. खात्रीचा मार्ग म्हणजे तीन-चार पिल्लं एकत्र वाढवायची, जोडी जमली की बाकीची लगेच दुसरीकडे हलवायची. त्यासाठी दुसरा टँक आधीच तयार हवा.

खायला काय?

मांसाहारी आहे. गोठवलेलं मायसिस हे मुख्य अन्न, जोडीला पोषण मिसळलेली ब्राइन श्रिंप (म्हणजेच आर्टेमिया), बारीक चिरलेली कोळंबी. दिवसातून दोनदा, थोडं थोडं. बहुतेक कार्डिनल मासे रात्री हिंडतात, पण हा दिवसा खातो, त्यामुळे दिवा बंद करून वाट पाहायची गरज नाही. खाण्यात संथ आहे. तळाला पडलेलं शोधत बसत नाही, तोंडासमोरून जाईल तेच टिपतो. नवा मासा दोन दिवस खाईना तर जिवंत ब्राइन श्रिंप देऊन पाहा. हलणाऱ्या अन्नाला तो सहसा नाही म्हणत नाही.

नवा आणलेला मासा आठवड्यात मेला. व्हायरस असेल का?

असू शकतो. या माशात इरिडोव्हायरस आढळतो. मेगॅलोसायटीव्हायरस गटातला हा विषाणू आहे आणि २००९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. मासा मंद होतो, रंग काळवंडतो, खाणं सोडतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा पडते, आणि मग तो जातो. यावर औषध नाही. अँटिबायोटिक टाकून काही होत नाही, पाणी मात्र बिघडतं.

व्यापाराच्या साखळीत निरनिराळ्या ठिकाणचे मासे एकाच पाण्यात ठेवले जातात आणि त्यातून तो पसरतो. टँकमधला मासा घ्यावा यामागे हेही एक कारण आहे, निव्वळ स्वार्थाचं. तरी कुठूनही आणला तरी महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवा. आधीची जोडी निरोगी असेल तर ही शिस्त दुप्पट पाळा.

नराने खाणं सोडलंय आणि त्याचा जबडा फुगलाय. आजारी आहे का?

अभिनंदन करायची वेळ आहे. तोंडात अंडी आहेत.

नीट पाहिलं तर हनुवटीखालची कातडी ताणून पातळ झालेली दिसते आणि आतून नारिंगीसर गोळा जाणवतो. मधूनच तो तोंड किंचित उघडून सगळा गोळा फिरवतो, अंड्यांना ताजं पाणी मिळावं म्हणून. दिवस सरत जातात तसा रंग बदलतो आणि शेवटी शेवटी पातळ कातडीतून चंदेरी चमक आणि इवले डोळे दिसतात. हे पाहताना टॉर्च मारत बसू नका, एवढंच सांगतो.

मादीने पुढाकार घेतलेला असतो. काही दिवस ती नराला चिकटून, अंग थरथरवत पोहते, इतरांना हाकलते. अंडी बाहेर पडली की नर क्षणात ती तोंडात ओढतो. तिथून सुमारे महिनाभर त्याचा उपास. त्याच्यासमोर अन्नाचा भडिमार करू नका, मोह झाला तर गिळून टाकतो. नवखे नर पहिलं-दुसरं वेत गिळतातच, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. मासा उगाच जाळीत पकडू नका. हलवायचंच असेल तर वीस-बाविसाव्या दिवसानंतर, पाण्यासकट भांड्यात घेऊन.

पिल्लं सोडल्यावर नराला काही आठवडे भरपूर खाऊ घाला. मादीचा उत्साह लगेच परत येतो आणि एकामागून एक वेतं धरून नर हाडाकाडाचा होतो. तो फार बारीक दिसला तर मध्ये जाळीचा पडदा टाकून दोघांना काही काळ वेगळं ठेवा.

पिल्लं कशी वाढवायची?

पिल्लं बापाच्या टँकमध्ये सुटली तर संध्याकाळपर्यंत खाल्ली जातात. वेगळा छोटा टँक, स्पंज फिल्टर, मंद हवा, एवढ्यावर काम भागतं.

जन्मतःच ती ताज्या फुटलेल्या आर्टेमियाची पिल्लं खाऊ शकतात. क्लाउनफिशची पैदास करणाऱ्यांना याचं महत्त्व कळेल: रॉटिफर या सूक्ष्म जीवांची बादली सांभाळायला नको, त्यांच्यासाठी शेवाळाचं हिरवं पाणी नको. पण नुसती आर्टेमिया पुरत नाही, आणि नवखे लोक इथेच हरतात. पहिले काही दिवस सगळं उत्तम चालतं. मग एक दिवस दिवा लावला, किंवा झाकण जरा आपटलं, की पिल्लू दचकतं, गिरक्या घेतं, आडवं होऊन तळाशी पडतं. काही सावरतात, पुष्कळ मरतात. आहारात ओमेगा-३ गटातली फॅटी अ‍ॅसिड कमी पडल्याचं हे लक्षण आहे. अंड्यातून फुटल्यावर आर्टेमियाचं स्वतःचं पोषण झपाट्याने उतरतं. म्हणून ती पोषक द्रावात काही तास भिजवून, गाळून मगच द्यायची, दिवसातून निदान दोनदा. पिल्लं थोडी मोठी झाली की बारीक केलेलं मायसिस सुरू करा.

दुसरी गोष्ट आसऱ्याची. मोकळ्या काचेच्या टाकीत पिल्लं सैरभैर होतात. काळे प्लॅस्टिकचे केबल टाय एका चेंडूत किंवा गोळ्यात सगळीकडून खोवा आणि तो टाकीच्या मधोमध टांगा. थोड्याच वेळात पिल्लं त्या काट्यांत जाऊन, तोंड बाहेर करून, ओळीने तरंगायला लागतात. खरा अर्चिन त्यांनी आयुष्यात पाहिलेला नसतो, तरी.

मग खराच अर्चिन ठेवावा का?

मोठ्या आणि जुन्या टँकमध्ये ठेवता येतो. पण डायडेमाचे काटे हातात मोडतात आणि चांगलेच दुखतात, त्याला रोज भरपूर शेवाळ लागतं, आणि तो रात्री फिरताना सैल लावलेलं प्रवाळ पाडतो. माशासाठी म्हणून आणू नका. केबल टायवर मासे खूश असतात.

आयुष्य किती?

टँकमध्ये चार-पाच वर्षं. निसर्गात सहसा त्याहून कमी.

पिल्लं फार झाली. समुद्रात सोडली तर संख्या वाढेल ना?

नाही. कृपा करून हे करू नका, बांगाईत राहत असाल तरीसुद्धा.

वर सांगितलं तसं एकेका खाडीतला थवा जनुकीयदृष्ट्या वेगळा आहे. टँकमधली पिल्लं कुठल्या खाडीच्या वंशातली हे कोणालाच माहीत नसतं, बहुधा चार खाड्यांची सरमिसळ असते. ती एका थव्यात मिसळली की हजारो वर्षांत घडलेला तो वेगळेपणा पुसला जातो, आणि व्यापारातला विषाणू सोबत गेला तर तो वेगळाच.

बांगाईबाहेर सोडणं तर आणखी वाईट. व्यापाऱ्यांकडून सुटलेले, टाकलेले मासे आज सुलावेसीच्या उत्तरेकडच्या लेम्बे सामुद्रधुनीत, पालूच्या उपसागरात, बालीतल्या गिलिमानुक खाडीत ठाण मांडून आहेत. लेम्बेत पाणबुडे त्यांचे हौसेने फोटो काढतात. तिथे ते परके आहेत आणि स्थानिक क्लाउनफिशच्या अ‍ॅनिमोनमध्ये घुसलेले दिसतात. मूळ घरी संकटग्रस्त आणि परक्या घरी आगंतुक, अशी या माशाची विचित्र अवस्था झाली आहे. लेम्बेत पुष्कळ आहेत म्हणून चिंता नको, असं कोणी म्हटलं तर त्या थव्यात बांगाईचा सगळा जनुकीय वारसा नाही, हे सांगा.

जास्तीची पिल्लं दुसऱ्या पाळणाऱ्यांना द्या. देताना जन्मतारीख, आईबाप कुठून आले, कोणतं अन्न खातात हे एका कागदावर लिहून द्या. तीन-चार सेंटिमीटरची होऊन गोठवलेलं अन्न खायला लागल्यावरच द्या, त्याआधी नाही. आणि भावंडांचीच जोडी पुढे लावली जाऊ नये म्हणून घेणाऱ्याला एक मासा दुसऱ्या कोणाकडून घ्यायला सांगा.